देवनागरी फॉन्ट टेकसाठी 'कन्व्हर्ट' करण्याचा खटाटोप आता थांबवावा

(एक चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शिरोरेषा

टेक (TeX) हा पानं जुळवणारा प्रोग्राम, आणि लाटेक (LaTeX) त्यावर बांधलेली सोय. लाटेकमध्ये मराठी पुस्तक करायला बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझ्याकडे अमुक टीटीएफ फॉन्ट आहे, तो टेकला चालेल असा कन्व्हर्ट कसा करू?" माझं उत्तर असं की करू नका. देवनागरीसाठी तर मुळीच करू नका. मत कडक आहे, म्हणून कारणं सविस्तर देतो.

टेक अक्षराचा आकार बघतच नाही. त्याला लागतात फक्त मापं: रुंदी, ओळीच्या वरची उंची, खालची खोली, आणि शेजारच्या अक्षराला किती जवळ घ्यायचं ते. ही मापं टीएफएम नावाच्या फाइलीत असतात. आकार पीडीएफ बनताना येतो. त्यामुळे रूपांतर म्हणजे एका फाइलीची दुसरी फाइल करणं एवढंच नसतं. एन्कोडिंग (कोणत्या क्रमांकावर कोणतं चिन्ह) ठरवा, टीएफएम काढा, लागलाच तर इतर फॉन्टांतली चिन्हं एकत्र आणणारा आभासी फॉन्ट रचा, टीएफएमला फॉन्टशी जोडणाऱ्या मॅप फाइलीत नोंद करा, लाटेकला फॉन्टची ओळख करून देणारी एफडी फाइल लिहा.

एवढं करून हाती काय येतं? एका टीएफएममध्ये जास्तीत जास्त २५६ चिन्हं बसतात. उंचीच्या वेगळ्या किमती फक्त १६, खोलीच्याही १६. इंग्रजीला हे पुरतं. आयआयटी मुंबईच्या शोभिका फॉन्टात देवनागरीचीच सोळाशेहून जास्त चिन्हं आहेत, म्हणजे किमान सात तुकडे झाले. कर्निंगचं, म्हणजे शेजारच्या अक्षरांमधल्या अंतराचं, कोष्टक एका टीएफएमच्या आतच चालतं. एक जोडाक्षर तिसऱ्या तुकड्यात आणि त्यापुढचं अक्षर पाचव्या तुकड्यात गेलं, की त्या दोघांमधलं अंतर सांगायला जागाच उरत नाही.

पुढे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी कोण आणणार? रफार उचलून पुढच्या अक्षरावर कोण ठेवणार? मूळ टेकला हे येत नाही. त्यासाठी मजकूर आधी दुसऱ्या प्रोग्राममधून काढावा लागतो. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात 'देवनाग' केलं ते याच पद्धतीने. रोमन अक्षरांत टाइप केलेला मजकूर त्यामुळे नागरीत छापता येऊ लागला. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण दुसरा मार्ग नव्हता तेव्हाचं ते काम आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम टेक अक्षरांच्या क्रमांकांवर लावतं. मराठीचे नियम युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामायिक क्रमांकपद्धत) क्रमांकांत लिहिलेले आहेत. तुम्ही फॉन्टातल्या २१७ व्या खान्यात अर्धा त बसवलात की ते नियम तिथेच निकामी होतात. मग अरुंद रकान्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागा विस्कटतात आणि लोक म्हणतात, टेकला मराठी जमत नाही.

युनिकोड मजकूर आणि आजचे फॉन्ट थेट घेणारं टेकचं रूप, जोनाथन क्यू यांचं झीटेक, २००४ मध्ये आलं. २०२० पासून टेक लाइव्ह या टेकच्या संचातलं लुआलाटेक हे दुसरं रूपही हार्फबझसह, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामसह, येतं. फॉन्टची फाइल आहे तशी द्यायची, फॉन्टस्पेक या लाटेकच्या पॅकेजला लिपी देवनागरी, भाषा मराठी एवढं सांगायचं. जोडाक्षरं जुळवणं हे फॉन्टमधल्या नियमांचं आणि वेलांटी हलवणं हे हार्फबझसारख्या प्रोग्रामचं काम आहे, ते त्यांनाच करू द्या.

प्रमेय

तुम्ही इंजिन, म्हणजे टेकचं कोणतं रूप वापरायचं ते, निवडायचं स्वातंत्र्य गृहीत धरलंय. माझ्यासारख्यांना ते नसतं.

मी गणित शिकवते. बऱ्याच नियतकालिकांचे साचे पीडीएफलाटेकसाठी, म्हणजे टीएफएमवर चालणाऱ्या जुन्या इंजिनासाठी, बांधलेले असतात. माझ्या निबंधात देवनागरी येतं ते एखाद्या जुन्या मराठी गणितग्रंथाचं नाव आणि त्यातल्या चार ओळी एवढंच. तेवढ्यासाठी संपादक त्यांची यंत्रणा बदलणार नाहीत. चार ओळींना लागणारी चिन्हं २५६ खान्यांत आरामात बसतात, आणि मी ती बसवते. सात तुकड्यांची अडचण मला कधी येतच नाही.

शिवाय लॅटिन फॉन्टचं रूपांतर आता एवढं अवघड राहिलेलं नाही. एडी कोलर यांचा ओटीएफटूटीएफएम हा प्रोग्राम एका आज्ञेत टीएफएम, एन्कोडिंग, आभासी फॉन्ट सगळं काढून देतो. शब्द तोडण्याचा मुद्दा युरोपीय भाषांनाही होताच. अक्षरावरचं स्वरचिन्ह (é मधल्यासारखं) वेगळं लावलं की शब्द तुटत नसे, म्हणूनच १९९० साली आयर्लंडमधल्या कॉर्कला टी-वन एन्कोडिंग ठरलं आणि जोडलेल्या अक्षरांना स्वतःचे खाने मिळाले. म्हणजे एन्कोडिंग विचार करून ठरवलं तर रूपांतर नीट चालतं.

पण मला खरी काळजी टिकाऊपणाची आहे. टीएफएम एकदा काढली की गोठली. टेकचे कर्ते डोनाल्ड क्नूथ यांनी मूळ टेकमध्ये नवी सोय घालणं तिसऱ्या आवृत्तीनंतर थांबवलं. दुरुस्ती झाली की आवृत्तीच्या आकड्यात पायचं (π) आणखी एक स्थान वाढतं. २०२१ पासून तो आकडा ३.१४१५९२६५३ आहे. जुना मजकूर त्याच टीएफएमसह आज चालवला तर ओळ पूर्वी जिथे तुटली तिथेच तुटते. ओपनटाइप (जुळणीचे नियम आतच असणाऱ्या) फॉन्टची नवी आवृत्ती आली किंवा हार्फबझ बदललं, तर ही खात्री राहत नाही. एक ओळ वाढली की पान सरकतं, पान सरकलं की शब्दसूची पुन्हा तपासावी लागते. ज्यांनी चारशे पानांची सूची डोळ्यांनी तपासली आहे त्यांना यातला त्रास समजेल.

शिरोरेषा

फॉन्टची फाइल सिस्टिममधून न घेता पुस्तकाच्या फोल्डरमध्येच ठेवायची. टेक लाइव्ह दरवर्षी निघतं. ज्या वर्षीचं वापरलं ते जपून ठेवायचं. एवढ्याने पानं सरकत नाहीत. टीएफएमचा गोठलेपणा हा शिस्तीचा फायदा आहे, आणि ती शिस्त ओपनटाइपलाही लावता येते.

तुमच्या चार ओळींबद्दल विचारतो: त्या पीडीएफमध्ये शोधल्या तर सापडतात का? त्या ग्रंथाचं नाव उद्या कुणी शोधलं तर तुमचा निबंध त्याला मिळायला हवा. संशोधनात हे दुय्यम मानता येत नाही.

ओवी

शोधण्याच्या बाबतीत झीटेकची बाजूही तेवढी भक्कम नाही, हे सांगायला हवं. नुसतं झीटेक वापरून केलेल्या पीडीएफमधून 'किल्ला' कॉपी करून बघा. वेलांटी आणि जोडाक्षर जागच्या जागी येतीलच असं नाही, कारण पीडीएफमध्ये चिन्हं छापलेल्या क्रमाने असतात. झीटेकला 'ॲक्च्युअल टेक्स्ट' (छापलेल्या चिन्हांमागचा खरा मजकूर) लिहायला वेगळं सांगावं लागतं, ती आज्ञा आहे, पण नव्या माणसाला कुणी सांगत नाही. लुआटेक हार्फबझसह चालवलं तर हे पुष्कळ बरं होतं.

आणि 'भाषा मराठी' ही नोंद विसरू नका, हे मला ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची प्रमाण रूपं ठरवली. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि भाषा सांगितल्याशिवाय हिंदी रूप येतं. अख्खं पुस्तक छापून झाल्यावर हे लक्षात आलेलं मी पाहिलंय.

खिळेजुळारी

वरचे सगळे जण युनिकोड मजकूर हातात आहे असं धरून बोलताहेत. आमच्याकडे तो नाही.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम या युनिकोडपूर्व सॉफ्टवेअरांच्या काळात महाराष्ट्रात जी पुस्तकं जुळवली गेली त्यांच्या फाइली आठ-बिटी, म्हणजे २५६ चिन्हांच्या मर्यादेतल्या, आहेत. आतला मजकूर म्हणजे रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट लावला तर नागरी दिसतं, काढला तर काहीच कळत नाही. अशा फाइली असलेला छापखाना आम्ही चालवतो. त्यातल्या एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची झाली तर शिरोरेषांच्या सल्ल्याप्रमाणे आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा. नेला की चुका शिरतात. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. मधेच इंग्रजी नाव असेल तर त्याचीही नागरी अक्षरं होऊन बसतात. मग संपूर्ण मुद्रितशोधन पुन्हा. मुद्रितशोधकाला दर पानामागे पैसे द्यावे लागतात आणि पाचशे प्रतींच्या आवृत्तीत ते बसत नाहीत.

फॉन्टचं रूपांतर केलं तर मजकुराला हातच लावावा लागत नाही. टीटीएफटूटीएफएम या प्रोग्रामने मापं काढायची, मॅपमध्ये एक ओळ घालायची. पीडीएफटेक (पीडीएफलाटेकमागचं इंजिन) टीटीएफ थेट जडवतं, त्यामुळे टाइप वन या जुन्या फॉन्ट-स्वरूपात नेण्याचीही गरज नाही, वक्ररेषा जशाच्या तशा राहतात. आठ-बिटी फॉन्ट आधीच २५६ च्या आत आहे, सात तुकड्यांचा प्रश्न येत नाही. वेलांटी टाइप करणाऱ्यानेच अक्षराआधी ठेवलेली असते, तीही हलवावी लागत नाही. म्हणजे शिरोरेषांनी जेवढे दोष दाखवले त्यातले बहुतेक इथे लागूच होत नाहीत.

आणि अक्षराच्या वळणाबद्दलही बोललं पाहिजे. त्या फॉन्टांतली काही अक्षरं फार देखणी आहेत. कादंबरीच्या पानावर त्यांचा काळेपणा सारखा उतरतो, बारा पॉइंटात डोळ्याला त्रास होत नाही. आज फुकट मिळणाऱ्या अनेक फॉन्टांची रेष पडद्यासाठी आखलेली आहे. वाचकाला पूर्वीचंच पान हवं असेल तर ते देणं हे आमचं काम आहे.

शिरोरेषा

तुमचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

आठ-बिटी मजकूर टेकमध्ये तसाच घालता येत नाही. त्या फॉन्टांनी कीबोर्डवरची सगळी चिन्हं अक्षरांसाठी वापरून टाकलेली असतात. उलटी तिरकी रेघ, महिरपी कंस, टक्का, डॉलर, ॲम्परसँड ही टेकसाठी आज्ञा आहेत. तुमच्या फाइलीत ते अर्धा ग, एखादा काना किंवा अनुस्वार असतील. टक्क्याचं चिन्ह आलं की टेक उरलेली ओळ टीप समजून सोडून देतं, आणि चूकही दाखवत नाही. या चिन्हांचे अर्थ बदलता येतात, पण मग प्रकरणाचं शीर्षक आणि तळटीप यांच्या आज्ञा कशाने लिहिणार? शेवटी मजकूर चाळणारा एक प्रोग्राम लिहावाच लागतो. तो लिहायचाच असेल तर युनिकोडकडे नेणारा लिहा.

त्यासाठी एसआयएल या भाषाविषयक संस्थेचं टेककिट हे मजकूर बदलणारं साधन आहे. त्यात कोणत्या क्रमांकाचं कोणतं युनिकोड हे सांगता येतंच, शिवाय वेलांटी अक्षरानंतर न्या, रफार अक्षराआधी आणा असे क्रम बदलणारे नियमही लिहिता येतात. जुन्या फॉन्टात ऱ्य साठी वेगळा खाना असेल तर त्याचा नियमही वेगळा लिहायचा. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं ते नियम अपुरा लिहिल्यामुळे, युनिकोडमुळे नाही. एका फॉन्टकुळासाठी तक्ता एकदा नीट केला की त्या काळातली तुमची सगळी पुस्तकं त्यातून जातील. टीएफएम करून फक्त आजची आवृत्ती निघेल. उद्या ई-पुस्तक मागितलं की पुन्हा तिथेच याल.

तळटीप

परवान्याबद्दल कुणीच बोललेलं नाही.

विकतच्या फॉन्टच्या करारात बदल करण्यावर किंवा दुसऱ्या स्वरूपात नेण्यावर बंधन असणं ही सर्रास गोष्ट आहे. पैसे भरले म्हणजे रूपांतराचा हक्क आपोआप मिळत नाही. फॉन्टच्या आकारांना हात न लावता मापं काढणं आणि फॉन्ट फोडून नवा बनवणं यांत फरक आहे, पण तो करारात कसा लिहिलाय ते वाचल्याशिवाय कळणार नाही. कंपनीला पत्र लिहून लेखी परवानगी घ्या.

फुकटच्या फॉन्टांतही पाहायला हवं. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सच्या व्याख्येतच स्वरूप बदलणं म्हणजे 'सुधारित आवृत्ती' असं म्हटलंय. कर्त्याने फॉन्टचं नाव राखून ठेवलेलं असेल तर तुम्ही केलेली टाइप वन फाइल त्या नावाने इतरांना देता येत नाही. नाव बदला, परवाना तोच ठेवा. पीडीएफमध्ये जडवायला मात्र काही अडचण नाही, तुमच्या पुस्तकावर तो परवाना लागत नाही. प्रमेय, तुम्ही निबंधासोबत रूपांतरित फॉन्टही संपादकांना पाठवत असाल, तर हे तुम्हाला थेट लागू आहे.

प्रमेय

पाठवते, आणि नाव बदलूनच पाठवते.

शिरोरेषा, शोधण्याबद्दल: पीडीएफटेकमध्ये प्रत्येक चिन्हाला युनिकोड जोडता येतं. चार ओळींतल्या जोडाक्षरांना मी ते हाताने जोडते. ओवींनी म्हटल्याप्रमाणे वेलांटीचा क्रम मात्र तरीही उलटाच राहतो, त्यामुळे ग्रंथाचं नाव मी रोमन लिपीतही देते. संदर्भसूचीत ते तसंही लागतं.

समीकरणांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते. जुन्या पद्धतीत फॉन्ट गणितासाठी वापरायचा तर चिन्हांच्या कुटुंबाला २२ आणि मोठ्या चिन्हांच्या कुटुंबाला १३ मापं पुरवावी लागतात: घातांक किती वर चढवायचा, अपूर्णांकाची रेघ किती जाड ठेवायची. हे कोणताही प्रोग्राम आपोआप काढून देत नाही, माणसाला बसून ठरवावं लागतं. इथे मी तुमच्याच बाजूने आहे. गणितासाठी कुणीही आपला आवडता फॉन्ट कन्व्हर्ट करत बसू नये. ओपनटाइपमध्ये गणिताचं कोष्टक असलेले स्टिक्स टू किंवा लॅटिन मॉडर्न यांसारखे तयार फॉन्ट घ्यावेत.

खिळेजुळारी

टक्क्याचं चिन्ह आणि तिरकी रेघ यांची अडचण खरी आहे. आम्ही त्यासाठी छोटी चाळणी लावतो. ती चिन्हं क्रमांकाच्या आज्ञांत बदलते, मजकुराचा क्रम हलवत नाही, त्यामुळे मुद्रितशोधन वाचतं. तुमची टेककिटची चाळणी क्रम हलवते, आणि जिथे क्रम हलतो तिथे माणसाने वाचावंच लागतं. तक्ता कितीही काळजीपूर्वक केला तरी पहिल्या पुस्तकाचं वाचन चुकत नाही. ते पैसे कोण देणार हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

नवं पुस्तक आम्ही युनिकोडमध्येच घेतो, त्यावर वाद नाही. पुनर्मुद्रणाला मात्र टीएफएमच वापरणार. तळटीप यांनी सांगितल्याप्रमाणे फॉन्टच्या कंपनीला परवानगीचं पत्र या आठवड्यात पाठवतो.

शिरोरेषा

तुमच्या फॉन्टचा तक्ता मी करून देतो. त्यासाठी फॉन्टची फाइल नको, कोणत्या क्रमांकावर कोणतं चिन्ह आहे ते दाखवणारी छापील यादी पुरेल. एका पुस्तकाची दहा पानं त्यातून काढू आणि ती तुमच्या मुद्रितशोधकाला वाचायला देऊ. त्यांचे पैसे मी देईन.