साधा मेसेज: तुमच्या आठवणी सांगा

शिवणकाम_शाहूपुरी
आज सकाळी सहाला चुलतभावाचा मेसेज आला, "३८ फूट ९ इंच, वाढतंय." पावसाळ्यात तो रोज राजाराम बंधाऱ्यावर जाऊन पंचगंगेचं पाणी बघून येतो आणि मला टाकतो. व्हॉट्सॲपवर नाही, साधा टेक्स्ट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोरांनासुद्धा पाढ्यासारखं पाठ. मेसेज वाचला आणि २०१९ चा ऑगस्ट डोळ्यासमोर आला, हात थरथरायला लागले, म्हणून लिहायला बसले.

त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. लाईट गेलेली, नेट बंद, कॉल लावला की नुसतं टूंटूं. हे टेम्पो घेऊन पुण्याहून परत येत होते आणि शिरोलीजवळ हायवेवर पाणी, रस्ता बंद. मी सासूबाई आणि दोन पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर. फोनला वीस टक्के चार्जिंग, म्हणून बंद करून ठेवायचा आणि सकाळ संध्याकाळ पाच पाच मिनिटं चालू करायचा. चालू केला की एकदम तीन मेसेज यायचे. "किणीत आहे. गाडी कडेला लावली." "गावातले लोक जेवण देतात. काळजी नको." "पाणी किती पायऱ्या?" मी लिहायची, "सात पायऱ्या राहिल्या. आई बरी आहे. दोन मशीन वर घेतली." सहा दिवस आमचा संसार एवढ्यावर चालला.

माझ्या बाकीच्या दोन मशीन पाण्यात गेल्या. पण गिऱ्हाइकांचे ३१ ब्लाउज मी गाठोडं बांधून सगळ्यात आधी वर नेले होते, त्यात एक तर लग्नाचा शालू पण होता. पाणी उतरल्यावर पहिलं काम काय केलं तर वहीतले नंबर काढून एकेकीला मेसेज, "तुमचा ब्लाउज सुरक्षित आहे." किती जणींनी मला रडत फोन केले सांगते. त्यांच्या घरात काही राहिलं नव्हतं आणि मी ब्लाउजचं सांगत होते. तेव्हापासून कपडा तयार झाला की प्रत्येकीला साधा मेसेज जातोच.

तुमच्याकडं असल्या काय आठवणी आहेत? धंद्यातल्या, घरातल्या, कसल्या पण.

ऊसवाला_शिरोळ
ताई वाचून अंगावर काटा आला, आमचं तर अख्खं गाव बाहेर काढलं होतं तेव्हा.

आमचा मेसेज म्हणजे ऊसाच्या वजनाचा. आधी काय व्हायचं, तोड आली, टोळीनं ट्रॉली भरून दिली, गाडी गेली आणि पावती ड्रायव्हरच्या खिशात, ती कधी चार दिवसांनी मिळायची कधी मिळायचीच नाही. आता कारखान्याच्या काट्यावर गाडी झाली की वडलांच्या फोनवर गाडी नंबर, खेप, टन, सगळं येतं. एका सीझनला आमच्या पाच खेपा गेल्या आणि हिशेबाला चारच लागल्या. वडील चष्मा लावून गट ऑफिसात गेले, फोन टेबलावर ठेवला, मेसेज उघडून दाखवला. क्लार्कनं तिथल्या तिथं दुरुस्ती केली. सोळा टनाच्या आसपासची खेप होती, थोडे पैसे नाहीत. वडील चौथी शिकलेत पण त्यांच्या फोनमधला एक पण वजनाचा मेसेज डिलीट करायचा नाही, फोन बदलला तरी जुना फोन कपाटात ठेवलाय.

राजारामपुरी_९वी_गल्ली
ताई शाहूपुरीत नक्की कुठं हो तुमचं? पैठणीचा ब्लाउज आहे, पंधरा दिवसांवर भाचीचं लग्न.

शिवणकाम_शाहूपुरी
मेसेज करते पत्ता. अस्तर घेऊन या आणि मापाचा जुना ब्लाउज आणा, होईल.

म्हशीवाली_करवीर
मी धारा काढून आले आत्ताच, घाईत लिहिते. आमच्या दूध संस्थेचा मेसेज रोज दोनदा येतो, सकाळी ५.२ लिटर फॅट ७.१ असा. आधी कार्डावर पेनानं लिहायचे, पावसात भिजलं की गेलं. तर माझ्या म्हशी, माझी मेहनत, वैरण मी आणणार, शेण मी काढणार, पण संस्थेत नंबर दिरांचा दिलेला. मला रोज विचारावं लागायचं भाऊजी किती लागली फॅट. ते सांगायचे, त्यांचा काही दोष नाही. पण विचारायला लागणं वेगळं आणि आपल्याला कळणं वेगळं. तीन वर्षांपूर्वी मी सचिवांना जाऊन म्हटलं नंबर माझा घाला, खातं पण माझ्या नावाचं करा. आता दर दहा दिवसांनी बिल जमा झालं की बँकेचा मेसेज माझ्या फोनवर. पहिला आला तेव्हा गोठ्यातच उभी होते, दोनदा वाचला.

आणि उपयोग पण होतो, मध्यंतरी फॅट ७ वरून ६.२ वर आली, त्याच दिवशी कळलं, पेंड बदलली होती ती परत जुनी आणली. कार्डाच्या काळात दहा दिवसांनी कळलं असतं.

नागाळापार्क_आई
नंबर माझा घाला 🙏 हे प्रत्येकीनं करावं. गॅसचा कोड पण माझ्याकडंच येतो आता, आधी सिलेंडरवाला दारात आणि हे ऑफिसात मीटिंगमध्ये असं व्हायचं.

मंगळवारपेठ_सध्या_पुणे
मी बल्क एसएमएसच्या, म्हणजे एकदम हजारो जणांना मेसेज पाठवणाऱ्या कंपनीत काम करतो म्हणून थोडं सांगतो. ताईंचे मेसेज का पोचले आणि कॉल का लागले नाहीत? कॉलला दोघांचे फोन एकाच वेळी जोडलेले लागतात, टॉवरवर तेवढी जागा लागते. टेक्स्ट मात्र आधी एसएमएस सेंटरला जाऊन थांबतो, समोरचा फोन बंद असेल तर वाट बघतो आणि चालू झाला की पोचवतो. शिवाय जागा अगदी थोडी घेतो. म्हणून पाच मिनिटं फोन चालू केल्यावर तीन मेसेज एकदम आले.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, कॉम्प्युटरवरून मोबाईलवर, नाताळच्या शुभेच्छांचा. इंग्रजी अक्षरात १६० अक्षरं बसतात, पण देवनागरीत लिहिलं की एका मेसेजात ७०च, काना मात्रा वेलांटी सगळी वेगळी मोजतात. त्यापुढं गेलं की दोन मेसेजचे पैसे. म्हणून डॉक्टर, क्लासवाले, दुकानदार मराठी मजकूर इंग्रजी अक्षरात पाठवतात. मला हे मनापासून खटकतं. माझ्या आजीला मराठी वाचता येतं, इंग्रजी अक्षरं येत नाहीत. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख फोनमध्ये येऊन पडली होती आणि तिला शेजारच्या पोराला हाक मारायला लागली. तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो, चार पैसे जास्त जाऊदेत, देवनागरीत पाठवा. काही जण ऐकतात.

तारखात्यात_३०_वर्षे
वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही शब्द मोजायचो, तुम्ही अक्षरं मोजता. तारेला शब्दावर पैसे, त्यामुळं माणसं काउंटरवर उभी राहून शब्द खोडायची. शुभेच्छांच्या तारेला ठरलेली वाक्यं होती आणि प्रत्येक वाक्याला नंबर, गिऱ्हाइकानं नुसता नंबर सांगायचा. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली. आदल्या दिवशी लोक रांगा लावून शेवटची तार करत होते, मी निवृत्त झालो होतो तरी गेलो आणि नातवाच्या नावानं एक केली. ती त्यानं जपून ठेवली आहे.

मंगळवारपेठ_सध्या_पुणे
काका, नंबरवाली वाक्यं आमच्याकडं परत आलीत बघा! आता कुठल्याही धंद्याला बल्क मेसेज पाठवायचा तर ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानं आधी आपलं नाव आणि मेसेजचा साचा नोंदवावा लागतो, साच्याबाहेरचा मेसेज अडतो. मार्च २०२१ मध्ये हे कडक लागू केलं तेव्हा देशभर ओटीपी अडकले होते, आम्ही ती रात्र ऑफिसात काढली. एकदा कोल्हापूरला आलो की तुम्हाला भेटायला आवडेल.

तारखात्यात_३०_वर्षे
जरूर या. चहाला.

चप्पलओळ_घरचा
माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. चपला करतो, त्याच्यासारखी वेणी आमच्या ओळीत कुणाला जमत नाही. २००४ मध्ये मी त्याला साधा नोकिया घेऊन दिला तर आई माझ्यावर चिडली, त्याला फोन कशाला, त्याला ऐकू येतंय का. मी म्हटलं आई बघ तरी.

पहिल्या दिवशी मी दुकानातून त्याला मेसेज केला, "९ नंबर, तीन जोड, संध्याकाळी". घरी त्याच्या खिशात फोन थरथरला, त्यानं वाचलं आणि लिहिलं, "चार करतो". तोपर्यंत मी रोज त्याच्यासाठी खुणा करून, चिठ्ठी लिहून कुणाच्या तरी हातून पाठवत होतो. त्या एका मेसेजनंतर त्याला मध्यस्थ लागला नाही. व्यापारी त्याला थेट लिहायला लागले, दर तो ठरवायला लागला, माझ्यापेक्षा चांगला ठरवतो. रात्री उशीखाली फोन ठेवून झोपायचा, थरथरला की उठायचा. बायको पण ऐकू न येणारीच मिळाली, सांगलीची, सात महिने दोघांनी मेसेजवर बोलून मग घरी सांगितलं. त्या काळात मेसेजला पैसे पडायचे, त्याच्या रिचार्जचा खर्च घरात सगळ्यात जास्त होता आणि आईनं त्यावर कधी एक शब्द काढला नाही.

म्हशीवाली_करवीर
दादा 😭 तुमच्या भावाकडूनच घेणार आता चपला

गडहिंग्लज_ते_हिंजवडी
मेसेजचे पैसे म्हटल्यावर आठवलं, दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला पॅक चालायचा नाही, पूर्ण पैसे पडायचे, म्हणून आम्ही पाडव्याच्या शुभेच्छा धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीच पाठवून मोकळे. आणि २०११ ला सिममागं दिवसाला १०० मेसेजची मर्यादा आली तेव्हा आमचं नुकतंच ठरलेलं, दुपारी चारपर्यंत संपायचे 😄 जुन्या फोनचा इनबॉक्स भरायचा म्हणून बायकोनं माझे मेसेज वहीत उतरवून ठेवलेत, तारीख वेळेसकट. लेक परवा वाचत बसली होती.

उद्यमनगर_फाउंड्री
सगळं गोडच लिहिताय म्हणून एक कडू पण सांगतो, कुणीतरी सावध होईल. २०२२ ला सासऱ्यांना मेसेज आला, बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. रिटायर्ड माणूस, कधी एक दिवस बिल उशिरा भरलं नाही, त्यामुळंच घाबरले. फोन केला, समोरच्यानं ॲप टाकायला लावलं, दहा रुपये भरा म्हटला आणि खात्यातून ६२ हजार गेले. पैसे गेल्याचा मेसेज बँकेकडून आलाच, तीनदा आला, पण ते त्याच फोनवर त्या माणसाशी बोलत होते.

त्यानंतर ते दोन महिने कुणाशी नीट बोलले नाहीत. घरातल्यांनी रागावू नका हो अशा वेळी, माणूस आधीच मोडलेला असतो. आणि लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, जेवढा लवकर तेवढी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही दुसऱ्या दिवशी केला, उशीर झाला.

शिवणकाम_शाहूपुरी
दादा वाईट वाटलं. सासरे बरे आहेत ना आता?

उद्यमनगर_फाउंड्री
हो ताई, आता तेच गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना शिकवतात. साध्या दहा आकडी नंबरवरून वीज तोडायचा मेसेज आला की तो खोटा, असं. कारखान्यात पण मी नियम केलाय, पार्टीनं पैसे पाठवले म्हणून स्क्रीनशॉट किंवा मेसेज दाखवला तर माल सोडायचा नाही, खात्यात बघायचं, मग गेटपास.

मंगळवारपेठ_सध्या_पुणे
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. अजून एक, खऱ्या कंपनीच्या मेसेजला वर अक्षरी नाव असतं आणि हल्ली त्याच्या शेवटी एक अक्षर येतं. जी असेल तर सरकारी, पी असेल तर जाहिरात. त्यांच्या वर्गात हे पण शिकवा.

रंकाळा_सकाळफेरी
२०२३ ला सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते आठवतंय का? आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी. मी रंकाळ्यावर होते, आजूबाजूचे सगळे थांबून फोनकडं बघायला लागले. त्याला नंबर लागत नाही म्हणे, त्या टॉवरखाली जेवढे फोन तेवढ्यांना जातो. २०१९ ला हे असतं तर चिखली आंबेवाडीला किती घरं रात्रीची सावध झाली असती, म्हशी सोडायला तरी वेळ मिळाला असता.

म्हशीवाली_करवीर
अगदी. आमच्या पाहुण्यांच्या चार गेल्या. दावं सोडायला कुणी पोचलंच नाही.

राजारामपुरी_९वी_गल्ली
ताई पत्ता मिळाला, उद्या येते. पाणी वाढलं तर नको ना येऊ?

शिवणकाम_शाहूपुरी
सगळ्यांचं वाचलं, मधे मधे शिलाई करत वाचलं म्हणून उत्तरं राहिली, माफ करा. चप्पलवाल्या दादांचं ह्यांना पण वाचून दाखवलं.

आत्ता रात्री पावणेदहाला भावाचा मेसेज आला, "३८ फूट ४ इंच. उतरतंय. झोप." या ताई उद्या, अकरानंतर या.