जांबोटी (जि. बेळगाव) भागात नवं घर: भिंत मातीची, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) की ब्लॉकची?

जांबोटीकर:
आजोबांचं घर उतरवून तिथंच नवं बांधायचं ठरलंय. जुन्या भिंती दोन फूट जाडीच्या, मातीच्या. वैशाखात भर दुपारी उन्हातून आत आलं की जीव थंड होतो. शेजारी चुलतभावानं सहा इंची सिमेंट ब्लॉकचं घर बांधलं, तिथं रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. म्हणून माझं मत ठाम आहे: नव्या भिंतीही मातीच्याच, पिंजर (भाताचा पेंढा) मिसळून. गवंडी तयार नाही. तुम्हाला काय वाटतं?

वडगावचा मी:
दादा, २०१९ च्या ऑगस्टातला पूर आठवा. जिल्ह्यात हजारो घरं पडली, त्यांत मातीची किती होती ते आपण डोळ्यांनी बघितलंय. माझ्या मावशीच्या घराची मागची भिंत पहाटे खचली. माणसं वाचली, म्हैस गेली. माती कोरडी आहे तोवरच ती भिंत. तुमच्याकडं चार महिने झड लागते, ती कोरडी ठेवणार कशी? उकाड्याला पंखा तरी आहे.

जांबोटीकर:
मावशींच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा होता का? मातीवर सिमेंट चढवलं की भेगेतून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, भिंत आतल्या आत भिजत राहते. आमचं जोतं दगडी, दोन फूट उंच, आणि कौलं भिंतीच्या बरीच पुढं आलेली. पागोळ्या भिंतीला शिवतच नाहीत.

वडगावचा मी:
होय, गिलावा सिमेंटचाच होता. पण पाणी जोत्यावरूनच घरात शिरलं होतं, त्याचं काय?

निपाणी साइटवरून:
थोडी गल्लत होतेय. जाड माती उष्णता अडवत नाही, साठवते. दीड-दोन फुटांतून दुपारची झळ आत पोचायला दहा-बारा तासांहून जास्त लागतात, तोवर बाहेर गार झालेलं असतं. चिऱ्याचंही तसंच, तोही जड. उष्णता अडवायची तर हवा कोंडून धरणारं काहीतरी हवं. पिंजराच्या घट्ट गठ्ठ्यातून विटेच्या मानानं दहापटीनं कमी उष्णता जाते. पण जांबोटीच्या ओलीत गठ्ठ्याची भिंत मी कुणाला सांगणार नाही, ती कुजेल. त्यापेक्षा भाताचं तूस बरं. त्यात सिलिका भरपूर, लवकर कुजत नाही. वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेला रॅट-ट्रॅप बाँड बघा: विटा कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी राहते आणि विटाही जवळजवळ चौथाईनं कमी लागतात. पाऊस केरळातही कमी नाही.

आणि एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छपरातून येतं. वर नुसता पत्रा टाकणार असाल तर भिंत कशाचीही बांधा, तापणारच.

खानापूरची लेक:
इथं कुणी सारवणाचं बोललंच नाही. मातीची भिंत दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर लिंपावी लागते. आमच्या घरी ते आईनं आणि काकूनं केलं, गुडघे दुखत असताना. तुमच्याकडं कोण करणार, ते आधी ठरवा आणि त्या बाईला विचारा. आम्ही शेवटी चिऱ्याचं बांधलं, आतून चुन्याचा गिलावा. मातीइतकं गार नाही, पण ब्लॉकपेक्षा पुष्कळ बरं, आणि दरवर्षीचं लिंपण सुटलं.

जांबोटीकर:
ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी आजच विचारतो. पाऊस आमच्याकडं पश्चिमेकडून मारतो. पश्चिम-दक्षिणेच्या भिंती चिऱ्याच्या, आतल्या आणि पूर्वेची मातीची, वर कौलं आणि खाली लाकडी माळा, असं केलं तर?

वडगावचा मी:
आतल्या भिंतींना माझी हरकत नाही. पूर्वेच्या भिंतीला अजूनही आहे. तिथं निदान मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट घालून, साच्यात दाबून दाबविटा करा, भाजाव्याही लागत नाहीत. जुन्या भिंतीची माती चाळून त्यात चालेल का, ते आधी चार विटा पाडून, रात्रभर पाण्यात ठेवून बघा. आणि ती माती पावसाआधी ताडपत्रीखाली घ्या.