अनुभव धागा : मुलं घराबाहेर पडल्यावर तुम्ही काय करू लागलात?

होममैदान
सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या यात्रेतल्या जत्रेचे, म्हणजे गड्ड्याचे पाळणे उभे राहायला लागले आणि जुनं सगळं वर आलं. दोन्ही पोरांना घेऊन त्या गर्दीत फिरायचे तेव्हा माझं लक्ष फक्त त्यांच्या हातांवर असायचं. आता थोरला पुण्यात नोकरीला, धाकटी बंगळुरूला शिकते. यंदा एकटीच लवकर जाऊन सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ जागा धरली. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, डोलत येणारे सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ झालं की पडणाऱ्या अक्षता. जन्म सोलापुरात गेला, पण सोहळा असा नीट पाहिला तो यंदाच.

तेव्हापासून एक नाद लागलाय. धाकटीच्या अर्ध्या कोऱ्या वह्या घरात पडून होत्या. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुराभोवती 68 लिंगं स्थापली, त्यातल्या एकेकापाशी जायचं, बसायचं, पेन्सिलीनं चित्र काढायचं आणि खाली लिहायचं, आजूबाजूला काय चाललंय ते. कुठे शेजारी भाजीवाली बसलेली, कुठे पोरं गोट्या खेळताहेत. चित्र काढायला लागलं की डोळा थांबतो, आणि डोळा थांबला की मनातलं बाहेर येतं. पोरांची आठवण येते, पण आता ती घर खायला उठत नाही.

तुमचं सांगा.

मागावरची
ताई भारी ओ! आमच्या घरात चादरीचं काम. मालक, म्हणजे आमचे हे, जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या पट्ट्यांचे पंचिंग करायचे. आधी आलेख कागदावर डिझाइन, एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, मग मागावर. मी जन्मभर नुसतं बघितलं, पोरी मोठ्या करायच्या होत्या ना. दोघी लग्न होऊन हैदराबादला गेल्या तसं मी चौकोन भरायला बसले. पहिल्यांदा मोर काढला. मालक म्हणाले मान जाड झाली, एक चौकोन कमी कर. केला. तो मोर चादरीवर उतरला तेव्हा लई रडले बघा. एकेक चादर दोघींकडे पाठवली.
बतुकम्माची, आमच्या तेलुगू सणाची, फुलं रचताना पण आता रंग कसे बसवायचे याचा विचार करते. आधी फक्त उरकायचं असायचं.

होममैदान
मावशी, मोराचा फोटो टाका की!

मागावरची
लेक आल्यावर टाकायला सांगते. मला जमत नाही ते.

जुळेसोलापूर
वंदे भारतनं पोरगा येतो अन् जातो. 2023 च्या फेब्रुवारीत गाडी सुरू झाली तेव्हा वाटलं आता दर महिन्याला येईल. सणाला तिकीटच मिळत नाही. कुणाला सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढायची काही युक्ती माहिती आहे का? विषयाला सोडून आहे, माफी.

नान्नजचा_माळ
तिकिटाचं माहीत नाही दादा. मी निवृत्त शिक्षक. सौ. गेली, मुलगा परदेशात. सकाळी नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला माळावर जातो. माळढोक दिसायची आशा आता ठेवत नाही, पण काळवीट दिसतात, चंडोल पक्षी असतो. चंडोल गातागाता वर चढतो अन् दगडासारखा खाली येतो. हे वहीत उतरवतो. वर्गात निबंध लिहून घ्यायचो, त्यात माळ म्हणजे ओसाड असं मुलं लिहायची. ओसाड नाही हो. गवताच्या जाती बघायला बसलं तर सकाळ पुरत नाही. मुलाला रविवारी फोनवर वाचून दाखवतो. तो तिकडे ऐकत बसतो, मध्ये बोलत नाही.

होममैदान
काका, शेवटचं वाक्य वाचून थांबलेच. लिहीत राहा.

कडकभाकरी
आज पाणी आलंय, टाकी भरता भरता लिहिते. मला काही सुचत वगैरे नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, लेक गेली तशी एक हक्काची मदत पण गेली. मोकळा वेळ कुणाला मिळतो ते सांगा आधी. रागानं नाही म्हणत. तुमचं वाचून बरं वाटलं पण.

मागावरची
राग कशाला येईल ओ. माझ्या सासूचं पण मी केलंय. लेकीला सांगत जावा, लपवू नका.

ओवीवाली
कडकभाकरी ताई, माझं पण तसंच होतं. आईचं करताना वेळ नव्हताच. पण आई रात्री झोप लागेना की जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिच्या उशाला बसून लिहून घेतल्या. ती गेली, वही राहिली. आता लेक नागपूरला, तर भाकरी थापताना माझ्याच जुळतात. ही कालची :

लेक गेली दूरदेशी, सुना झाला माझा ओटा
पिठामध्ये बोट काढी तिच्या गावाच्या गं वाटा

सासूबाईंना विचारा, त्यांना येत असतील.

कडकभाकरी
येतात! कानडीतली गाणी पण म्हणतात. विचारलं आत्ता, हसल्या. टाकी भरली, जाते.

जुळेसोलापूर
ओवी बायकोला वाचून दाखवली. ती डबा भरत होती, पोराला द्यायची शेंगा चटणी. ती विचारतेय, उखळात कुटलेली जास्त टिकते का मिक्सरची?

ओवीवाली
टिकायचं ओलेपणावर असतं, दाणे खमंग भाजा अन् भांडं कोरडं ठेवा. पण चव उखळाचीच. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि लसूण, तिखट त्यात मुरतं. मिक्सरमध्ये नुसती पूड होते.

जुळेसोलापूर
लसूण सोलून घालायचा ना?

मागावरची
सोलून. जिरं पण घाला थोडं.