जिल्ह्याचे आकाशवाणी केंद्र ठाण्यात इंटरनेटवर ऐकताना मध्येच शांतता का पसरते?

कोलबाडकर (ठाणे)

नमस्कार मंडळी. माझे वडील ८१ वर्षांचे असून तीन वर्षांपूर्वी गावचे घर बंद करून ते आमच्याकडे कोलबाडला राहायला आले. सोबत आणलेल्या मोजक्या सामानात त्यांचा जुना ट्रान्झिस्टर होता आणि पहिल्याच सकाळी त्यांनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून आमच्या जिल्ह्याचे केंद्र शोधायला घेतले. ते काही लागले नाही. रात्री नऊनंतर कधीतरी खरखरीतून ओळखीचा आवाज वर येतो, पण तेवढ्यात कोणी ओट्यावरचा एलईडी दिवा लावला की तोही बुडतो. म्हणून मी निरनिराळी रेडिओ केंद्रे एकत्र देणाऱ्या एका खाजगी संकेतस्थळावरून ते केंद्र त्यांना मोबाइलवर लावून दिले. सहा महिने उत्तम चालले.

आता अडचणी अशा आहेत. काही दिवस स्ट्रीम मुळीच जोडली जात नाही. काही दिवस ती जोडली जाते, पडद्यावर सेकंद पुढे सरकत राहतात, पण आवाज अजिबात नसतो. क्रिकेटचे समालोचन असले की तिथे भलताच कार्यक्रम लागतो. शिवाय वडील बातम्यांपूर्वीच्या पिप्-पिप्‌वर भिंतीवरचे घड्याळ लावतात आणि मोबाइल आल्यापासून आमचे घड्याळ मागे पडू लागले आहे. दोष नेमका कोणाचा? डेटा किती जातो? आणि जे केंद्र सरकारी पैशावर चालते ते जिल्ह्याबाहेर राहणाऱ्यालाही नीट ऐकू यावे, ही मागणी रास्त आहे का?

सानपाडा (नवी मुंबई)

ध्वनिक्षेपणाच्या तांत्रिक बाजूला मी बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी ट्रान्झिस्टरचे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत प्रवास करतात, कारण वर जाणाऱ्या लहरी वातावरणाचा एक थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परत येतात आणि दूरची केंद्रे लागतात. तुमच्या वडिलांना रात्रीच आवाज सापडतो, त्याचे कारण हेच. एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्यातील स्विचिंग सर्किटे नेमक्या याच पट्ट्यात खरखर सोडतात. जिल्ह्याचे केंद्र एफएमवर असेल तर मात्र रात्रीचीही आशा नको, कारण एफएम साधारण नजरेच्या टप्प्यापुरतेच पोहोचते आणि मध्ये डोंगर आहेत.

आता स्ट्रीमचे. स्टुडिओतील आवाज दोन वाटांनी निघतो. एक वाट प्रक्षेपकाकडे, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या यंत्राकडे जाते. दुसरी वाट एका एन्कोडरमध्ये, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या साध्या संगणकात शिरते, तिथे आवाज आकड्यांत बदलतो आणि केंद्राच्या इंटरनेट जोडणीवरून मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो. तिथून तो तुमच्यापर्यंत येतो. यात दोन बिघाड अगदी वेगळे आहेत. एन्कोडर किंवा जोडणी बंद पडली तर स्ट्रीम तुटते आणि ॲप तसे सांगते. पण स्टुडिओतून एन्कोडरकडे जाणारी वायर सैल झाली, किंवा मिक्सरवरची नेमकी ती वाट कोणी बंद ठेवली, तर एन्कोडर निमूटपणे शांतताच पाठवत राहतो. सर्व्हरच्या दृष्टीने शांतता हाही एक आवाजच असतो. त्यामुळे सगळीकडे हिरवा दिवा दिसतो आणि केंद्रातल्या कोणालाही पत्ता लागत नाही, कारण ड्युटीवरचा माणूस प्रक्षेपकाचा आवाज ऐकत असतो, मोबाइलवरची स्ट्रीम नव्हे.

स्ट्रीम मुळीच जोडली न जाण्याचे कारण बहुधा तुमचे ते खाजगी संकेतस्थळ असावे. अशी संकेतस्थळे स्ट्रीमचा पत्ता एकदा टिपून ठेवतात. मूळ ठिकाणी पत्ता बदलला की त्यांच्याकडची नोंद शिळी होते. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे अधिकृत ॲप आहे आणि त्यावर देशभरातील आकाशवाणी केंद्रे आहेत. आधी तिथे पाहा.

घड्याळाचे म्हणाल तर आवाज काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवला जातो आणि तुमचा मोबाइल असे दोन-तीन तुकडे साठवल्यावरच वाजवायला लागतो. अर्धा-पाऊण मिनिट उशीर सहज होतो. स्ट्रीमवर घड्याळ कधीही लावू नये.

डेटा फारसा जात नाही. ६४ केबीपीएसची स्ट्रीम तासाला सुमारे २९ एमबी घेते. रोज चार तास ऐकले तरी महिन्याला साडेतीन जीबीच्या आत राहाल.

एक चाचणी सुचवतो. पुढच्या वेळी शांतता पसरली की लगेच गावी कोणाला तरी फोन करून त्यांच्या रेडिओवर काय चालले आहे ते ऐका. तिथे कार्यक्रम चालू असेल तर दोष कुठे आहे ते आपोआप कळेल.

घंटाळी (ठाणे)

क्रिकेटचा मुद्दा तांत्रिक नाही, हक्कांचा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रसारणाचे संकेत (सिग्नल) प्रसार भारतीला देणे २००७ च्या कायद्याने बंधनकारक केले, पण ते तिच्या जमिनीवरील प्रक्षेपणासाठी आणि डीटीएचसाठी. जाहिरातींच्या उत्पन्नाची वाटणीही त्यात ठरवून दिली असून रेडिओसाठी ती किमान ५०:५० आहे. इंटरनेटचा त्यात उल्लेखच नाही. तिथले हक्क आयोजक स्वतंत्रपणे विकतात, म्हणून रेडिओवर समालोचन आणि त्याच केंद्राच्या स्ट्रीमवर दुसरेच काही, असे होऊ शकते. समालोचन ऐकायचे तर ट्रान्झिस्टरच बरा.

गाण्यांचेही थोडेफार असेच आहे. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली ३१-ड हे कलम आले, ज्यामुळे ठरलेले स्वामित्वशुल्क भरून रेडिओ आणि दूरचित्रवाणीला गाणी लावता येतात. ही सोय इंटरनेटला लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका संगीत ॲपच्या खटल्यात म्हटले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तेच मत कायम ठेवले. तो खटला रेडिओ केंद्राविषयी नव्हता, हे खरे. परंतु रेडिओवर लावलेलेच गाणे आपल्याच स्ट्रीमवर लावताना केंद्राला वेगळा करार का पाहावा लागतो, हे त्यावरून लक्षात येते. शेतीचे सल्ले, मुलाखती, कीर्तने असे केंद्राने स्वतः ध्वनिमुद्रित केलेले कार्यक्रम या कटकटीतून बऱ्याच अंशी सुटतात, आणि तुमच्या वडिलांना बहुधा तेच हवे असावेत.

ऐरोली (नवी मुंबई)

घरी डीडी फ्री डिशची छत्री असेल तर तिच्यावर आकाशवाणीच्या काही वाहिन्या मासिक शुल्काशिवाय टीव्हीच्या पेटीवर ऐकू येतात. आवाज स्वच्छ असतो. मात्र त्यात प्रत्येक जिल्ह्याचे केंद्र नसते, म्हणून हा उपाय अर्धाच.

वाशी (नवी मुंबई)

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. आकाशवाणीने पहिले स्थानिक केंद्र १९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोविल येथे काढले. अशा केंद्रामागची कल्पना अशी की, एका जिल्ह्याचा बाजारभाव, पाऊस आणि बोली त्या जिल्ह्याच्याच माणसांना ऐकवायची. आपण ठाणे-नवी मुंबईत स्थायिक झालेले लोक त्या कल्पनेत कुठेच नव्हतो. तरीही मागणी रास्त आहे असे मला वाटते, कारण कार्यक्रम तयार करण्याचा मुख्य खर्च झालेलाच असतो. पण स्ट्रीमला खर्च नाही, असे समजू नये. प्रक्षेपकाला एक श्रोता असो वा एक लाख, वीजबिल तेवढेच येते. इंटरनेटवर मात्र दर श्रोत्यामागे वेगळी धार सोडावी लागते. दहा हजार जण एकदम ऐकू लागले तर वरच्याच ६४ केबीपीएसच्या हिशोबाने ६४० एमबीपीएस लागतील.

मला भीती वेगळीच वाटते. ‘आता सगळे मोबाइलवर ऐकतात’ असे म्हणत उद्या कोणी प्रक्षेपकच बंद करायला निघेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आले तेव्हा माझी बहीण श्रीवर्धन तालुक्यात होती. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर गेले आणि कितीतरी दिवस तिचा आवाज ऐकायला मिळाला नाही. त्या दिवसांत तिच्या घरात चालू राहिलेले एकमेव यंत्र म्हणजे सेलवरचा रेडिओ. म्हणून मागणी करताना स्ट्रीम प्रक्षेपकाच्या जोडीला हवी, त्याच्याऐवजी नको, हे वाक्य अर्जात अवश्य घाला.

अर्ज केंद्राच्या कार्यक्रम प्रमुखांच्या नावे, साध्या पोस्टाने पाठवा. ‘स्ट्रीम नीट चालत नाही’ असे मोघम लिहिले तर कोणालाच काही करता येणार नाही. तारीख, वेळ, शांतता होती की जोडणी तुटली, हे लिहा. उत्तर आले नाही तर प्रसार भारतीला माहितीचा अधिकार लागू आहेच, दहा रुपये शुल्क भरून विचारता येते.

कोलबाडकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. अधिकृत ॲप घातल्यापासून स्ट्रीम न जोडली जाण्याची तक्रार संपली. शांतता मात्र परवा, मंगळवारी सकाळी पुन्हा पसरली. सानपाडा यांनी सांगितल्याप्रमाणे लगेच आतेभावाला फोन लावला. तो गोठ्यात होता. त्याने फोन तसाच पडवीत नेऊन खुंटीवरच्या रेडिओला लावला आणि आमच्या स्वयंपाकघरात भाताच्या रोपांवरील करप्याची माहिती खणखणीत ऐकू आली. वडील मोबाइल कानाशी धरून तो कार्यक्रम संपेपर्यंत उभे राहिले, आणि मग आतेभावाला म्हशीबद्दलही विचारून घेतले.

म्हणजे प्रक्षेपक चालू होता, स्ट्रीमही जोडलेली होती आणि आवाज मधल्या वायरीत कुठेतरी अडकला होता. ६ वाजून ३८ मिनिटांपासून ७ वाजून २ मिनिटांपर्यंत, अशी वेळ घालून पत्र वडिलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, वाशी यांचे वाक्यही त्यात आहे, आणि ते आज दुपारी पोस्टात पडले. घड्याळासाठी त्यांनी ट्रान्झिस्टरचा काटा आता मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्‌झवर, मुंबईच्या अस्मिता वाहिनीवर कायमचा ठेवला आहे. पिप्-पिप् तिथले ऐकायचे, घड्याळ लावायचे, आणि मग ट्रान्झिस्टर बंद करून मोबाइल सुरू करायचा. ओट्यावरचा दिवा तोवर कोणी लावायचा नाही, असा घरात नियम झाला आहे.