डॉक्टरांनी हात लावायच्या आधी तुम्हाला सांगितलं होतं का? (अनुभव धागा)

मागच्या महिन्यात आईचा ईसीजी काढायला नाशिकला कॉलेज रोडच्या एका क्लिनिकमध्ये गेलो होतो (नाव सांगत नाही, तुम्हीही सांगू नका). आई ६८ ची, बीपी आहे, बाकी ठणठणीत. आत विशीतला टेक्निशियन मुलगा, त्याने मोबाईलमधून मान वर न करताच सांगितलं, "ब्लाऊजचे हुक काढा, झोपा." पडद्याच्या अर्ध्या कड्या तुटलेल्या, तो मधूनच लोंबत होता, म्हणून मी तो हाताने धरून उभी, आणि तेवढ्यात दार ढकलून एक माणूस कसल्यातरी कागदावर सही घ्यायला आत. आई एक शब्द बोलली नाही. रिक्षात रविवार कारंजा येईपर्यंत नुसता पदर ओढत होती. घरी आल्यावर म्हणाली, मेली ती तपासणी, परत मला नेऊ नको. आता फॉलोअपची तारीख उलटून गेली आणि ती जायचं नावच काढत नाहीये.

तर लिहा तुमचे अनुभव. चांगलेही लिहा, नुसत्या शिव्या नकोत.

निफाडची लेक
माझं लग्नाआधीचं. पाळी अनियमित म्हणून सोनोग्राफीला गेले, रिसेप्शनवरच्या बाईंनी भरलेल्या हॉलमध्ये मोठ्याने विचारलं, "लग्न झालंय का गं?" सगळ्या माना माझ्याकडे. आता कळतं की आतून सोनोग्राफी करायची की पोटावरून ते ठरवायला विचारतात, पण मग तो प्रश्न आत दार लावून विचारा ना, आणि लग्नाचं कशाला विचारता, जे विचारायचंय ते नीट विचारा. लग्नानंतर नाशिक रोडला एका मॅडमकडे गेले तर त्यांनी आधी तो प्रोब दाखवला, त्यावर नवीन कंडोम चढवला तोही माझ्यासमोर, म्हणाल्या एवढाच भाग आत जाईल, दुखलं तर थांब म्हण, मी थांबते. मी एकदा म्हटलं थांबा. खरंच थांबल्या. मला रडूच आलं, दुखलं म्हणून नाही.

सातपूरकर
पुरुषांचं पण लिहू का? हर्निया होता. सर्जनने तपासायला पँट खाली घ्यायला लावली, ठीक आहे, उभं राहून खोकायला लावतात, ते लागतंच. पण मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर, त्यात मुलीही, आणि साहेब म्हणतात "या, सगळ्यांनी हात लावून बघा". मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं हो, पोरं शिकणार कुठे? कंपनीत मित्राला सांगितलं तर हसला, म्हणे पुरुषाला कसली लाज. त्यानंतर मी कुणाला सांगितलंच नाही, आज इथे लिहितोय.

गोदाकाठ
डॉक्टर आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणतात. त्यांना रोज शंभर पेशंट, त्यांच्यासाठी आपण नुसतं एक पोट. उगाच बाऊ करताय सगळे.

नाईट ड्युटी
@गोदाकाठ, बावीस वर्षं वॉर्डात नर्स आहे मी. डॉक्टरांसाठी ते रोजचं असेल, पेशंटसाठी नसतं ना. लपवणं वेगळं आणि झाकणं वेगळं. गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो हे मात्र खरं, एका टेबलवर एक झोपलेला आणि दुसरा स्टूलवर शर्टची बटणं काढून तयार बसलेला, हे मी रोज बघते. पण चादर ओढायला किती वेळ लागतो? आमच्याकडे एक सर आहेत, बाईला तपासायच्या आधी "मावशीला बोलवा" म्हणतात, मावशी दुसरीकडे अडकली असेल तर पाच मिनिटं बसून राहतात. नवे पोरगे कुरकुरतात. सर म्हणतात तिच्यासाठी जेवढी तेवढीच माझ्यासाठी पण मावशी लागते, उद्या काही आरोप झाला तर कोण सांगेल? आणि एक सांगते, कॅथेटर (लघवीची नळी) घालायच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढलं की भांडतात, "आम्ही घरचेच आहोत". अहो, पण त्या आजोबांना सुनेसमोर नको असेल!

म्हसरूळ
मी इंटर्न, आरोग्य विद्यापीठ आमच्याच भागात, त्यामुळे नाव तसं ठेवलंय. पुस्तकात लिहिलेलं असतं की पोट तपासताना छातीपासून अर्ध्या मांडीपर्यंत उघडं हवं. पहिल्या वर्षी वॉर्डात आम्ही तेच केलं, एका काकूंचं सगळं उघडं आणि आम्ही बारा जण भोवती वह्या घेऊन. मॅडम आल्या, काही न बोलता चादर ओढली, मग सांगितलं, जेवढं बघायचंय तेवढंच उघडा, झालं की झाका, मग पुढचं. आणि हात चोळून गरम करा आधी. २०१९ पासून एमबीबीएसला नीतिमत्ता आणि संवादाचा वेगळा भाग आलाय, पण खरं सांगायचं तर मी शिकलो ते त्या चादरीवरून.

अवांतर: स्टेथोस्कोपच मुळात संकोचातून आला. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं बरं वाटेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून ऐकलं, आणि उलट जास्त स्पष्ट ऐकू आलं.

वकीलवाडी
थोडं कायद्याचं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली, त्यात स्पष्ट आहे की पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर दुसरी बाई हजर असण्याचा तिला हक्क आहे. राज्यातल्या नर्सिंग होमच्या नियमांतही २०२१ पासून हक्कांची सनद आलीये, दर्शनी भागात लावायची असते. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर शोधा, बहुतेक वेळा कॅलेंडरच्या मागे असते. संमतीबद्दल समीरा कोहली खटला, सुप्रीम कोर्ट, २००८. बाईने फक्त दुर्बिणीतून तपासणीला होकार दिला होता, ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईचा होकार घेऊन गर्भाशयच काढलं. कोर्ट म्हणालं, जिवाला धोका नव्हता, पेशंट सज्ञान होती, तर तिच्या शुद्धीवर येण्याची वाट बघायला हवी होती. नातेवाइकाची सही म्हणजे पेशंटची सही नाही. आपल्याकडे मात्र फॉर्म सरळ नवऱ्याच्या हातात देतात.

सातपूरकर
@वकीलवाडी सनदेत पुरुषांसाठी पण आहे का काही?

वकीलवाडी
प्रायव्हसी आणि सन्मानाचा हक्क सगळ्यांना आहे.

निफाडची लेक
धागाकर्तीला विचारायचं राहिलं, आईचं काय झालं?

धागाकर्ती
काल नेलं! दुसरीकडे. आधी फोन करून विचारलं लेडी टेक्निशियन असते का, तर म्हणे दुपारी दोन ते पाच या. ती मुलगी चांगली होती, म्हणाली "आजी, सहा गोळे छातीला लावणार, थंड लागतील, पदर वरून राहू दे", तिने पदराखालूनच लावले सगळे. दहा मिनिटांत काम झालं. पडदा तिथलाही तसलाच, एक बाजू लोंबती. पण आई घरून पर्समध्ये चार सेफ्टी पिना घेऊन आली होती. टेबलवर झोपायच्या आधी स्वतः पडदा लावला पिना मारून, आणि निघताना चारही मोजून परत घेतल्या.