फ्लास्कमध्ये टोकन नंबर मागेपुढे काहून होतो?

प्रश्न: जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांना टोकन देणारं ॲप फ्लास्कमध्ये (पायथनची वेब ॲप बनवायची चौकट) केलंय. शेवटचा नंबर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये (ॲपच्या मेमरीतच) ठेवला. लॅपटॉपवर बरोबर चालतं, सर्व्हरवर गनिकॉर्नचे (ॲप चालवणारा सर्व्हर प्रोग्राम) 4 वर्कर लावले की 41 नंतर 17 येतो. थ्रेडिंगचं लॉक (एका वेळी एकालाच नंबर बदलू देणारं) लावलं, फरक नाही.

उत्तर: भाऊ, 4 वर्कर म्हणजे 4 प्रोसेस, प्रत्येकीची मेमरी वेगळी. चार मुनीम चार वह्या घेऊन बसल्यासारखं. ते लॉक एका प्रोसेसच्या आतच चालतं. 1 वर्कर ठेवला तरी रीस्टार्टला मोजणी पुसली जाते. नंबर रेडिसमध्ये (सगळ्या प्रोसेसना सामायिक, मेमरीत चालणारा डेटाबेस) ठेवा, पण थेट ‘इन्कर’ने (एका झटक्यात एक वाढवून नवा नंबर देणारी कमांड) वाढवा. आधी वाचून, एक मिळवून परत लिहिलं तर मधेच दुसरी रिक्वेस्ट घुसते अन् एकच नंबर दोन गाड्यांना जातो.

उत्तर: लाइट जाते तिथे रेडिस जपून. एओएफ (प्रत्येक बदल डिस्कवरच्या फाइलीत लिहिणं) दर सेकंदाच्या सेटिंगवर असला तरी शेवटच्या सुमारे 1 सेकंदाचं लिहिणं जाऊ शकतं. एओएफ बंद असेल तर थेट मागच्या स्नॅपशॉटवर (अधूनमधून डिस्कवर घेतलेली प्रत) जाल. टोकनला पोस्टग्रेस हा डिस्कवर लिहिणारा डेटाबेसच बरा. तारखेची एक ओळ, त्यावर ‘अपडेट’ आणि त्याच क्वेरीत ‘रिटर्निंग’ (वाढवलेला नंबर लगेच परत देतं). सीक्वेन्स (पोस्टग्रेसचा आपोआप नंबर देणारा काउंटर) नको: रोलबॅक झाला (व्यवहार रद्द झाला) तरी नंबर परत येत नाही, अन् मधला 23 गायब दिसला की फाटकावर भांडण ठरलेलं.

प्रश्नकर्ता: मग गाडीचं वजन सेशनमध्ये (एका वापरकर्त्याची तात्पुरती माहिती) ठेवलं तर चालेल?

उत्तर: नाही. फ्लास्कचं सेशन मुळात कुकीतच (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) असतं. सर्व्हरची डिजिटल सही असल्याने बदलता येत नाही, पण वाचता येतं. शिवाय मर्यादा सुमारे 4 केबी. त्यात फक्त आयडी ठेवा, वजन डेटाबेसात.