ब्रश कटर आणि पॉवर वीडर: दोघांना एकच ऑइल चालेल का?

मुळशीकर
गवत कापायचा टू-स्ट्रोक ब्रश कटर आणि तण काढायचा 160 सीसी फोर-स्ट्रोक पॉवर वीडर आहे. कटरला पेट्रोलच्या लिटरमागे 20 मिली टूटी (2टी, टू-स्ट्रोकचं ऑइल) घालतो. कामावरचे दादा म्हणतात 40 घाला. वीडर उतारावर निळा धूर सोडतो. दोघांना एकच ऑइल चालेल का?

जुना चेतकवाला
अजिबात नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा क्रँककेसमधूनच (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या पेटीतूनच) वर जाते, म्हणून तिथे ऑइल साठवता येत नाही. पेट्रोलसोबत आलेलं ऑइल बेअरिंग-पिस्टनला लागतं आणि जळून जातं. टूटी त्यासाठीच बनवलेलं असतं. फोर-स्ट्रोकचं ऑइल जळलं की राख प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी साचते.

20 मिली म्हणजे 50:1, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. चेतक स्कूटरला ते बरोबर. पण कटरच्या झाकणावर 25:1 छापलं असेल तर 40च हवं, नाहीतर पिस्टन जाम होईल. छापलंय त्याहून जास्तही नको: कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल तेवढं कमी जातं आणि इंजिन तापतं. मोजायला मेडिकलमधली 20 मिलीची सिरिंज घ्या. मिश्रण कॅनमध्ये करा, थेट टाकीत नाही.

स्पॅनर_पुणे
वीडरबद्दल. या इंजिनांत बहुधा ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखी पट्टी असते, ती ऑइलमध्ये बुडून शिंतोडे उडवते. लेव्हल कमी झाली की चमचा कोरडा, मग रॉड क्रँकवर जाम होतो. जास्त झाली की ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये, आणि निळा धूर. तुमचं हेच दिसतंय. टेम्पोत आडवा टाकून नेला तरी सुरुवातीला धूर येतोच.

लेव्हल सपाट जागी, इंजिन बंद करून पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, पुस्तिकेत बघा. ऑइल 10डब्ल्यू-30 ग्रेडचं (हा आकडा जाडीचा), साधारण 600 मिली. नव्या इंजिनाचं पहिलं 20 तासांनी, पुढे दर 100 तासांनी, कोमट असतानाच काढा. 20 अंशांहून तीव्र उतारावर नेऊ नका.

कार्बोरेटर काका
पावसाळ्यात एक घोळ होतो. ई20 पेट्रोल (20 टक्के इथेनॉलवालं) पाणी ओढतं. पाणी वाढलं की इथेनॉल त्यासकट तळाला बसतं आणि टूटी वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर तळाशी, म्हणजे इंजिनात जाणारा थर बिनऑइलचा. दोन आठवड्यांपुरतंच मिक्स करा, कटर ठेवताना टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवा.

मुळशीकर
झाकणावर 25:1च आहे, दादा बरोबर होते. वीडरचा फिल्टर उघडला तर स्पंज ऑइलने चिंब. पेट्रोलने धुऊ का?

स्पॅनर_पुणे
नको. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, न पिळता दाबून काढा, पूर्ण वाळवा. फाटला असेल तर नाना पेठेत नवा बघा, जुना सोबत न्या.